निघतानाच तपासा : परक्या आक्रमक प्रजातींबद्दल जगातल्या सरकारांना खुलं पत्र

जैवविविधता करारात सामील असलेल्या सगळ्या देशांच्या सरकारांना, आणि तुमच्या बंदर, कस्टम, क्वारंटाइन खात्यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांना,

नमस्कार.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला तुम्ही सगळ्यांनी मिळून एक आराखडा मान्य केला. त्यातलं सहावं उद्दिष्ट असं आहे की परक्या आक्रमक प्रजाती नव्याने येऊन रुजण्याचं प्रमाण २०३० पर्यंत निदान ५० टक्क्यांनी कमी करायचं. मी हे वाचलं तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. पण त्यानंतर जे काही वाचत गेले, त्यात बहुतेक सगळा भर आपापल्या दारात पहारा कसा कडक करायचा यावर दिसला, म्हणजे येणारी बॅग तपासा, येणारा कंटेनर उघडा, येणारं रोप अडवा. आपल्याकडून दुसऱ्याकडे काय चाललंय याची चौकशी मात्र फार कमी लोक करतात, आणि माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीबद्दल आहे.

आधी एक खुलासा करते, कारण या विषयावर बोललं की लोक लगेच म्हणतात की मग मका, बटाटा, मिरची हे पण परकेच ना. हो, आहेत की. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट वाईट असं कुणी म्हणतच नाहीये. आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या आयपीबीईएस या गटाने सप्टेंबर २०२३ मध्ये जो मोठा अहवाल दिला, त्यात माणसाने इकडून तिकडे नेऊन रुजलेल्या ३७ हजारांहून जास्त प्रजाती मोजल्यात, आणि त्यातल्या साधारण साडेतीन हजार प्रजाती नुकसान करणाऱ्या, आक्रमक आहेत. बाकीच्या गुपचूप जगतात. पण या साडेतीन हजारांचा हिशोब बघा, २०१९ साली वर्षाला ४२३ अब्ज डॉलरच्या वर नुकसान, आणि १९७० पासून दर दशकाला हा आकडा चौपट होतोय. जगात आजवर नोंदल्या गेलेल्या प्राणी-वनस्पतींच्या विलुप्तीत ६० टक्के वेळा या प्रजातींचा हात आहे. आणि दरवर्षी साधारण २०० नव्या परक्या प्रजातींची भर पडतेच आहे.

आता या येतात कशा? मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण जहाजातल्या पाण्याचं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

मालवाहू जहाज रिकामं निघालं की ते हलकं होतं, लाटांवर डोलतं, म्हणून पोटातल्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून घेतात, याला बॅलास्ट पाणी म्हणतात. पुढच्या बंदरात माल चढवायचा असला की ते पाणी तिथे सोडून देतात. म्हणजे एका समुद्रातलं पाणी, त्यातली अंडी, अळ्या, शेवाळ, जंतू सगळं उचलून हजारो किलोमीटर लांब दुसऱ्या समुद्रात ओतायचं, आणि हे अनेक दशकं कुणालाही न विचारता चाललं होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची एक कंगवा-जेली (जेलीफिशसारखा दिसणारा प्राणी), नेमिऑप्सिस, अशाच पाण्यातून काळ्या समुद्रात पोचली. तिथे तिला खाणारं कुणी नव्हतं, ती माशांचं खाद्य आणि माशांची अंडी दोन्ही फस्त करत सुटली आणि दशक संपता संपता तिथली अँकोव्ही या छोट्या माशाची मासेमारी कोसळली (जास्त मासेमारी आणि प्रदूषण हेही कारण होतंच, सगळं एका जेलीवर ढकलणं बरोबर नाही). आणि जवळपास त्याच काळात उलट दिशेने काय झालं? काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या खोऱ्यातला झेब्रा शिंपला अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या मोठ्या सरोवरांत पोचला, १९८८ मध्ये तो सेंट क्लेअर सरोवरात सापडला. नखाएवढा शिंपला, पण तो धाग्यांनी कुठेही चिकटतो, एकावर एक थर चढतात आणि पाणीपुरवठ्याचे, वीजकेंद्रांचे पाईप चोंदून जातात.

जरा विचार करा. त्या दोन्ही प्रदेशांनी एकमेकांना आपापला त्रास पाठवला, दोन्हीकडे नुकसान झालं, आणि तरी दोन्हीकडे त्याची नोंद 'आमच्याकडे परकी प्रजाती आली' अशीच झाली. 'आमच्याकडून गेली' असं कुणी लिहिलं नाही. प्रत्येक देश एकाच वेळी घेणारा पण असतो आणि पाठवणारा पण, पण पाठवणारा असल्याची जाणीव कुठल्याच कागदावर उतरत नाही.

बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि पुरेशा देशांनी त्याला मान्यता द्यायला एवढा वेळ लावला की तो अमलात यायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडलं. तेरा वर्षं. त्यानंतरही जुन्या जहाजांना मुदत देत देत शेवटची तारीख सप्टेंबर २०२४ होती. पण नियम चांगला आहे, हे मान्य करायलाच हवं. आधीच्या टप्प्यात पाणी किनाऱ्यापासून निदान २०० सागरी मैल लांब, खोल समुद्रात बदलायचं होतं, आणि आता जहाजावरच यंत्र बसवून पाणी शुद्ध करायचं, इतकं की मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरला दहापेक्षा कमी राहिले पाहिजेत. म्हणजे जबाबदारी पाणी वाहून नेणाऱ्यावर आली, ज्याच्या बंदरात ते ओतलं जाणार त्याच्यावर नाही. मला हेच तत्त्व सगळीकडे हवंय.

पण जहाजाच्या पोटातलं पाणी साफ झालं तरी बाहेरच्या बुडावर चिकटून येणारे शिंपले, बार्नेकल (कवचवाले छोटे समुद्री जीव), शेवाळ यांचं काय? त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्गदर्शक सूचना २०११ पासून आहेत, २०२३ मध्ये त्या सुधारल्या सुद्धा, पण त्या ऐच्छिक आहेत. न्यूझीलंडने मे २०१८ पासून आपल्याकडे येणाऱ्या जहाजांना बूड साफ असण्याची सक्ती केली. जहाजवाले खर्चाची तक्रार करतात हे मला माहीत आहे, पण बूड साफ असेल तर इंधनही कमी जळतं. मग हा नियम बंधनकारक करायला तुम्हाला अजून किती वेळ लागणार आहे?

लाकडाची गोष्ट पण अशीच आहे, फक्त ती लोकांना कमी माहीत आहे. कंटेनरमध्ये माल कुठलाही असो, मशीन असो नाहीतर फरशी, तो बहुतेक वेळा लाकडी पॅलेटवर (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर) किंवा लाकडी खोक्यात असतो, आणि कच्च्या लाकडाच्या आत भुंग्याच्या अळ्या महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. कस्टमवाला मालाची कागदपत्रं बघतो, पॅलेटकडे कुणाचं लक्ष जाणार. आशियातला एक हिरवा चमकदार भुंगा, एमराल्ड ॲश बोरर, २००२ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या आसपास सापडला, तोही याच वाटेने आला असावा असं मानतात. सापडला २००२ मध्ये पण पोचला होता १९९०च्या दशकातच, आणि त्याने ॲशची कोट्यवधी झाडं मारलीत. त्याच २००२ मध्ये जगाने लाकडी पॅकिंगचा नियम मान्य केला, की लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवायचं नाहीतर धुरी द्यायची, आणि मग त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा. पुढच्या वेळी कुठेही लाकडी पॅलेट दिसलं तर बघा, तो शिक्का असतो. हा नियम माझ्या म्हणण्याचा उत्तम पुरावा आहे, कारण लाकूड तापवायचं काम माल पाठवणाऱ्या देशात, माल निघायच्या आधी होतं. पोचल्यावर लाखो पॅलेट फोडून बघणं कुणालाच शक्य नाही. फक्त एक आहे, शिक्का मारलेल्या लाकडात जिवंत अळ्या अजूनही सापडतात, म्हणजे कुठेतरी भट्टी नीट चालत नाही किंवा शिक्का नुसताच मारला जातोय, आणि त्या भट्टीवर तपासणीला जाण्याचं काम फक्त तिथलं सरकार करू शकतं, दुसरं कुणी नाही.

पॅसिफिक महासागरातल्या गुआम या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून पापुआ न्यू गिनीच्या बाजूचा तपकिरी वृक्षसर्प त्या बेटावर पोचला, आणि पुढच्या काही दशकांत बेटावरच्या मूळच्या १२ वनपक्ष्यांपैकी १० तिथल्या रानातून नाहीसे झाले. साप विजेच्या तारांवर चढतात म्हणून वीजही वारंवार जाते. गुआमसाठी उशीर झाला होता. पण पुढे तिथे जे केलं ते बघा, बेटावरून बाहेर जाणारा माल प्रशिक्षित कुत्र्यांकडून हुंगून घ्यायला सुरुवात केली, विमानतळावर, बंदरावर, आणि बाहेरच्या बाजूला सापळे लावले, कारण हा साप हवाईला पोचला तर तिथले पक्षीही जातील. आणि हवाईत तो आजपर्यंत रुजलेला नाही. (अमेरिका तुमच्या करारात सामील नाही हे मला माहीत आहे, पण चांगलं काम कुणीही केलं तरी ते उचलायला हरकत नसावी.) ज्याचं स्वतःचं सगळं गेलंय असं बेट दुसऱ्याचं वाचवायला रोज पहारा देतंय, हे वाचून मला खूप भरून आलं होतं.

न्यूझीलंडने फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानहून गाड्या घेऊन आलेली काही जहाजं ऑकलंडहून परत पाठवली, कारण गाड्यांच्या फटींमध्ये तपकिरी दुर्गंधी ढेकूण लपलेले होते, हे किडे थंडीत अशा सांदीकोपऱ्यात जाऊन झोपतात. एवढी मोठी जहाजं परत पाठवणं म्हणजे केवढा धक्का, पण त्यानंतर काय झालं तर गाड्यांवरची प्रक्रिया जहाजात चढवण्याआधीच करायची व्यवस्था घट्ट झाली. पाठवणाऱ्याला स्वतःचं नुकसान दिसलं की तो पटकन शिकतो.

जुन्या टायरचं तर एवढं साधं आहे. उघड्यावर पडलेल्या टायरमध्ये पावसाचं पाणी साचतं, त्यात आशियाई टायगर डास अंडी घालतो, ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, टायर जहाजात चढतात, दुसऱ्या खंडात उतरतात, पुन्हा पाऊस पडतो आणि डास बाहेर. १९८५ मध्ये ह्यूस्टनमध्ये, १९९० मध्ये इटलीत तो असाच रुजलेला सापडला, आणि हा डास डेंगी, चिकुनगुन्या पसरवतो. टायर निघण्याआधी छपराखाली कोरडे ठेवणं आणि त्यावर प्रक्रिया करणं याला काय मोठं तंत्रज्ञान लागतं?

आता जिवंत प्राण्यांच्या आणि रोपांच्या धंद्याबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते कारण इथे कंटेनर नाही, एक पार्सल पुरतं. मार्बल्ड क्रेफिश नावाचा एक झिंगा आहे, तो १९९०च्या दशकात जर्मनीतल्या अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यात पहिल्यांदा दिसला. सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी घालतात, पिल्लंही हुबेहूब आईसारखी. म्हणजे एक मादी पुरते. कुणीतरी टाकी रिकामी करताना तळ्यात सोडली की संपलं, आणि आज तो मादागास्करपर्यंत पसरलाय. १९६६ मध्ये हवाईहून मायामीला परत येताना एका मुलाने आफ्रिकन राक्षसी गोगलगायी आणल्या, तीनच, त्या बागेत सोडल्या गेल्या. काही वर्षांत त्यांच्या १८ हजार झाल्या, आणि त्या संपवायला साधारण दहा वर्षं आणि दहा लाख डॉलर लागले. त्या मुलाला दोष द्यावासा मला वाटत नाही, त्याला कुणी सांगितलंच नसेल. पण आज ऑनलाइन विकणाऱ्या प्लॅटफॉर्मना माहीत नाही असं कसं म्हणणार? २०२० मध्ये न मागवलेल्या बियांची पाकिटं कितीतरी देशांत लोकांच्या घरी पोस्टाने आली होती. म्हणजे बिया पाकिटात घालून सीमा ओलांडणं एवढं सोपं आहे.

यावर उपाय माहीत आहेत. ऑस्ट्रेलियाने १९९७ पासून नवीन वनस्पती आणण्याआधी ती तण होईल का याचं गुणांकन करून मगच परवानगी द्यायला सुरुवात केली, म्हणजे बंदीची यादी नाही तर परवानगीची यादी, ज्याचं नाव यादीत नाही ते येणार नाही. बंदीच्या यादीत एखाद्या प्रजातीचं नाव येतं ते तिने कुठेतरी वाट लावल्यावर, तोपर्यंत ती चार देशांत पोचलेली असते. आणि अमेरिकेने जानेवारी २०१६ मध्ये सॅलॅमँडरच्या (पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या जातकुळीतला प्राणी) २०१ प्रजातींच्या आयातीवर बंधन आणलं, कारण पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आशियातली एक बुरशी युरोपात पोचून तिथले सॅलॅमँडर मारत होती. तो आजार स्वतःकडे सापडायच्या आधीच दार लावलं. असे निर्णय फार विरळ आहेत.

तरीही काही ना काही निसटणारच, आणि तेव्हा सगळं अवलंबून असतं पहिल्या काही दिवसांवर. कॉलर्पा नावाचं एक समुद्री शेवाळ आहे, अ‍ॅक्वेरियममध्ये शोभेला ठेवतात. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात ते दिसलं तेव्हा एक चौरस मीटर होतं. एक चौरस मीटर! हाताने उपटून निघालं असतं. पण ते कुठून आलं, कुणाची चूक, खरंच धोका आहे का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर पसरलं. तेच शेवाळ २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत सापडलं तेव्हा दोन-तीन आठवड्यांत त्यावर ताडपत्री टाकून आत क्लोरीन सोडायला सुरुवात झाली, आणि २००६ मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं. ऑस्ट्रेलियात डार्विनला १९९९ मध्ये काळ्या पट्ट्यांचा शिंपला सापडला तेव्हा सरकारने नौकांसह मरिनाच (नौका उभ्या करायचे धक्के) बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि तांब्याचं क्षार ओतलं, काही आठवड्यांत शिंपला संपला. त्या पाण्यातले बाकीचेही जीव मेले, निर्णय सोपा नव्हताच, पण कुणीतरी सही करायचं धाडस केलं. तुमच्या देशात असं काही सापडलं तर ही सही कोण करणार, त्याचं पद आणि त्याचा निधी आजच ठरलेला आहे का?

आणि आता जे मला सगळ्यात कठीण वाटतं ते. कीड सापडली की कळवायची असं वनस्पती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. पण कळवलं की शेजारी देश लगेच आयात बंद करतात, शेतकऱ्यांचं नुकसान होतं, म्हणून 'अजून खात्री करतोय' म्हणत वेळ काढायचा मोह कुणालाही होणार. ह्यात मला फक्त लपवणाऱ्याचा दोष दिसत नाही. खरं बोलणाऱ्याला शिक्षा आणि गप्प बसणाऱ्याला फायदा अशी व्यवस्था आपण सगळ्यांनी केली आहे. जो देश लवकर कळवेल त्याच्या फक्त बाधित भागातल्याच मालावर बंधन घालायचं, पूर्ण देशावर नाही, आणि कीड संपवायला मदतीचा निधी द्यायचा, असं तुम्ही एकमेकांशी ठरवू शकता. लष्करी अळीचं बघा, अमेरिका खंडातली अळी, २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली, २०१८ मध्ये भारतात, २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात. तिचा पतंग स्वतः उडतो, त्याला कुठलीच सीमा अडवणार नाही, पण शेजाऱ्याला एक हंगाम आधी कळलं तर तो शेतकऱ्यांना सावध करू शकतो. आणि अळी ओळखणारी माणसं आणि प्रयोगशाळा ज्या देशांकडे नाहीत त्यांना त्या देणं हे श्रीमंत देशांनी उपकार म्हणून करू नये, त्यांच्याच शेतांचा तो पहिला पहारा आहे.

त्या २०२३ च्या अहवालात अजून एक गोष्ट आहे, ८० टक्के देशांच्या जैवविविधता योजनांमध्ये या प्रजातींबद्दल उद्दिष्टं लिहिलेली आहेत, पण खास यासाठी कायदा फक्त १७ टक्के देशांत आहे. आणि एकूण खर्चातला ९२ टक्के वाटा झालेल्या नुकसानीचा, प्रजाती रोखण्या-आवरण्यावरचा फक्त ८ टक्के.

म्हणून माझी मागणी एवढीच. रोपांसोबत जे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे कीड-रोग नसल्याचा दाखला, जातं ते पाठवणारा देशच देतो, म्हणजे तत्त्व तुम्ही आधीच मान्य केलेलं आहे, ते रोपांपुरतं ठेवू नका. जहाजाचं बूड, वापरलेली मशीनरी, जुने टायर, जिवंत प्राण्यांची पार्सलं या सगळ्याला लावा. आणि दरवर्षी प्रत्येक देशाने एक यादी स्वतःहून जाहीर करावी, की आमच्याकडून गेलेल्या मालात यंदा कुठल्या देशाने काय पकडलं, ते कुठल्या भट्टीतून, कुठल्या नर्सरीतून, कुठल्या बंदरातून गेलं होतं, आणि आम्ही तिथे जाऊन काय दुरुस्त केलं. माहिती नाही असं म्हणता येणार नाही, कारण माल अडवला की पाठवणाऱ्या देशाला कळवलं जातंच, आणि युरोपियन युनियन तर आपल्या दारात अडवलेल्या रोपांच्या आणि फळभाज्यांच्या मालाची नोंद निर्यातदार देशाप्रमाणे प्रसिद्ध करतं. ते कागद तुमच्याच खात्यांमध्ये पडलेले आहेत. पहिली यादी कुठला देश काढतोय याची मी वाट बघतेय.

कळावे,
एक नागरिक